मूठ बदलायची का?

आमच्या निडीच्या घरी दसऱ्याला एक जुनी वाकडी तलवार पुजली जाते. बारावीत असताना ती पहिल्यांदा हातात घेतली, तर चार बोटं मुठीत मावेनात. माझा पंजा आडदांड. आजोबा म्हणाले, "रोह्याला नेऊन मोठी मूठ बसवून घेऊ." मीही तयार होतो.

मूठ बदलणं तसं इथलं जुनंच काम. आमची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा, १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे. युरोपातून आलेली सरळ, लांब पाती मराठ्यांनी घेतली, पण मूठ आपली चढवली. तीच फिरंगी. पात्याचं शेपूट पोकळ मुठीत घालायचं आणि वितळलेल्या लाखेने पक्कं करायचं. मूठ पुन्हा तापवली की लाख सुटते, पातं मोकळं.

मग आमची मूठ एवढी लहान का? 'तेव्हा माणसंच लहान होती' हे मला पटत नाही. (असं म्हणणाऱ्याने एकदा भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडावा.) वाकडी तलवार ओढून कापते. मूठ तंग आणि मागची तबकडी मनगटाला टेकलेली असली की हात सरकत नाही. शिवाय अनेक जण तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे टाकत. मुठीत उरतात तीनच बोटं.

यंदा तसं धरून पाहिलं. बसली! तबकडी मनगटात जरा रुतते. आजोबा आता नाहीत. लाख मी तापवलेली नाही.