बारशापासून साठीशांतीपर्यंत

समाजकार्याच्या शिक्षणात मानवी विकास नावाचा एक विषय असतो. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणसाचे शरीर, बुद्धी आणि नातीगोती कशी बदलत जातात, याचा तो अभ्यास होय. नाव नवे असले तरी वस्तू आपणांस अपरिचित नाही. डोहाळजेवण, बारसे, उष्टावण, जावळ, लग्न, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन अशी आयुष्याची मोजदाद आपल्या घराघरांतून होतच होती. मात्र ती सर्वांच्या वाट्याला येत नसे. विधवेचे आयुष्य वैधव्यापाशी थांबे. आणि तिच्या पोटी मूल आलेच तर त्याचे बारसे कोण करणार?

1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच मुलांसाठी. त्यांतले एक मूल, काशीबाई नावाच्या विधवेचे, 1874 साली फुले दांपत्याने दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते. अर्भकाचा जीव वाचला, काम झाले, असे त्या दोघांनी मानले नाही. यशवंत शिकला, डॉक्टर झाला. 1889 साली त्याचे लग्न झाले. 1897 च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना तो रोग जडला व त्या गेल्या. आजच्या कायद्याने बालगृहातील मूल 18 व्या वर्षी बाहेर पडते आणि नंतरचा आधार साधारणतः 21 पर्यंत मिळतो. फुल्यांच्या घरात असा आकडा नव्हता.

पुढे ज्याने त्याने आयुष्याचा एकेक तुकडा उचलला. पंढरपूरचा अनाथाश्रम 1875 चा, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 चे. कर्व्यांनी विधवांचे प्रश्न हाती घेतले आणि 1916 पर्यंत ते महिला विद्यापीठापाशी पोचले. (अण्णांना स्वतःला 104 वर्षांचे आयुष्य लाभले, सगळ्या अवस्था त्यांनी अनुभवूनच पाहिल्या म्हणावयाच्या.) ताराबाई मोडकांनी शाळेपूर्वीचे वय घेतले. 1936 साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले, तेव्हा कोठे या कामाला पद्धतशीर शिक्षणाची जोड मिळाली. एरिक एरिक्सन यांचा आयुष्याच्या आठ अवस्था सांगणारा ग्रंथ 1950 सालचा. त्यांच्या मते किशोरवय हा ‘मी कोण’ असे स्वतःला विचारण्याचा काळ होय. विचार मोलाचा खरा. पण हा काळ ज्याला मिळतच नाही त्याचे काय?

हा प्रश्न हिंगोलीकडे पाहिले की टाळता येत नाही. 1930 साली शारदा कायदा अंमलात आला, तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. 1948 साली ते राज्य गेले. 1 मे 1999 रोजी परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. मराठवाड्यातून दरसाल माणसे ऊसतोडीस जातात. तेथे ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीला मिळते. म्हणून मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, आणि वयात आलेली मुलगी मागे ठेवून जाण्याची धास्ती असल्याने तिचेही लवकर उरकले जाते. कार्यकर्ता कायद्याचे कलम घेऊन मांडवात पोचतो, तेव्हा उशीर झालेला असतो. त्याला मुलीचे वय कळते. तिच्या घराचा हिशोब कळत नाही. सतराव्या वर्षी ती आई होते. तिचे स्वतःचे हाड अजून वाढीचे असते, मूल कमी वजनाचे निपजण्याचा धोका असतो, आणि पुढच्या हंगामात ते मूल फडात तरी वाढते, नाहीतर आजीच्या पदराखाली.

ती आजी आमच्या मते या अभ्यासातले सर्वांत दुर्लक्षित पान आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे नानाजी देशमुख साठी उलटल्यावर सत्तेचे राजकारण सोडून ग्रामसेवेकडे वळले आणि त्यांचे वार्धक्य सार्थकी लागले, हे खरे. आजीला मात्र निवृत्त होण्याजोगे कोणते पदच नव्हते. तिची साठीशांत कोणी केली नाही, कारण जन्मतारीख कोठे लिहिलेली नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन 65 वर्षे पुरी झाल्यावर मिळते. वयाचा दाखला मागितला की ती गोंधळते. रझाकारांच्या धामधुमीत आपण रांगत होतो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा थोरला कडेवर होता, एवढे तिला पक्के ठाऊक असते. तिच्या वयाचा हिशोब कार्यकर्त्याने तेथून धरायचा असतो.