घटिकापात्रापासून कॅमेऱ्यापर्यंत

लग्न हा दोन घराण्यांचा संबंध खरा. पण तो नेमका कोणत्या क्षणीं जुळला असें मानावयाचें, हा प्रश्न आपल्या समाजानें नेहमींच एखाद्या साधनाच्या स्वाधीन केला आहे. प्रथम तें साधन घटिकापात्र होतें; पुढें छापील पंचांग आणि आगगाडीचें घड्याळ आलें; आज तो मान कॅमेऱ्याकडे जाऊं पाहत आहे. लग्नाचा दिवस छायाचित्रकाराच्या सोयीनें आंखावा कीं मुहूर्ताच्या, हा वाद आतां पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. त्याचा निवाडा करण्यापूर्वीं मागचा इतिहास पाहणें उपयोगाचें होईल.

घटिकापात्र म्हणजे तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यानें भरलेल्या घंगाळांत सोडीत. छिद्रांतून पाणी आंत शिरून वाटी बुडाली, कीं एक घटका झाली. घटका म्हणजे आजचीं २४ मिनिटें, आणि अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. जोशीबुवा सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून हिशेब धरून वाटीवर डोळा ठेवीत. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या वाटीनेंच मराठीला दिला आहे. घरोघरीं घड्याळें नव्हतीं, तेव्हां साऱ्या मांडवाचा काळ एका घंगाळांत सांठविलेला असे.

या साधनाची सत्ता किती कठोर असूं शके, हें लीलावतीच्या दंतकथेंत दिसतें. भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा गणितग्रंथ ११५० च्या सुमाराचा. अकबराच्या दरबारांतील फैझीनें १५८७ सालीं त्याचें फारसी भाषांतर केलें, त्यांत ही कथा येते. मुलीच्या लग्नासाठीं एकच शुभ क्षण होता. ती कुतूहलानें घटिकापात्रावर वांकली, अंगावरचा एक मोतीं आंत पडून छिद्र बुजलें, आणि वाटी बुडण्याची वाट पाहतां पाहतां मुहूर्त टळला. कथेला इतिहासाचा आधार नाहीं. परंतु ज्या समाजानें ती जपून ठेविली, त्याला एका छिद्रावर मुलीचें आयुष्य टांगलेलें असण्यांत कांहीं असंभाव्य वाटलें नाहीं, ही गोष्ट मात्र इतिहासाचीच होय. तेव्हां पूर्वीचें सगळें सोज्ज्वळ आणि आतांचें तेवढें थिल्लर, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.

१८४१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजींनीं मराठी पंचांग छापलें, आणि जोशीबुवांची विद्या कागदावर येऊन घरोघर जाऊं लागली. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. वऱ्हाडी मंडळींना मुहूर्ताबरोबर गाडीची वेळही पाहावी लागली. १९०६ सालीं साऱ्या देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली, ती ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची. आतां बुलढाणा जिल्ह्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याचें सोनाळा हें गांव घ्या. तें त्या रेखांशाच्या बरेंच पश्चिमेस असल्यामुळें तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारें २३ मिनिटें, म्हणजे जवळजवळ एक घटका, मागें चालतो. घड्याळांत बारा वाजले तरी सोनाळ्याचा मध्यान्ह व्हावयाचाच असतो. गोरज मुहूर्ताला मात्र ही अडचण नव्हती. गुरें घरीं परततांना उडणारी धूळ आणि मावळता सूर्य हेंच त्याचें घड्याळ. तें साऱ्या गांवाला दिसे.

छायाचित्रकलेनें या व्यवस्थेंत प्रथम ढवळाढवळ केली नाहीं. १८३९ सालीं दागेरची कृति पॅरिसमध्यें जाहीर झाली. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी हे आपल्याकडील आरंभींच्या छायाचित्रकारांपैकीं एक होत. पण त्या काळीं कांचेवर प्रतिमा उमटण्यास बराच वेळ लागे. हालणारा माणूस धूसर होई. होमाचा धूर, अक्षतांचा वर्षाव, ही त्या यंत्राच्या आवांक्यांतली गोष्ट नव्हती. म्हणून लग्न मांडवांत होई, आणि तसबीर मागाहून शहरांतल्या स्टुडिओंत, रंगविलेल्या पडद्यासमोर निघे. जुन्या जोडप्यांचे चेहरे ताठ दिसतात, त्याला लाजेइतकेंच हें स्थिर बसणेंही कारण आहे. १८७१ नंतर कोरड्या कांचा आल्या, १८८७ सालीं चमकणारी भुकटी आली. यंत्र चपळ झालें आणि हळूहळू स्टुडिओ सोडून मांडवांत शिरलें.

आज तें बोहल्याजवळ उभें आहे. अंतरपाट दूर होतांना वधूवरांचीं मुखें पाहावयास आलेल्या आजीला छायाचित्रकारांच्या पाठी दिसतात, आणि अक्षता त्यांच्याच खांद्यांवर पडतात. 'माळ पुन्हा एकदां घाला' अशी आज्ञा होते, आणि ती पाळलीही जाते. इकडे पानें मांडलेलीं असतात आणि म्हातारीं माणसें व मुलें भुकेनें कासावीस होतात.

तरी कॅमेऱ्याला मांडवाबाहेर घालविणें हा उपाय नव्हे. जिची दुसरी तसबीर कधीं निघालीच नाहीं, अशा पणजीचें तोंड आपणांस तिच्या लग्नाच्या छायाचित्रांतच पाहावयास मिळतें. उपाय हा कीं त्याला त्याचा वेळ आगाऊ नेमून द्यावा. सोनाळ्यास मेच्या अखेरच्या आठवड्यांत मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. अशा उन्हांत डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, आणि त्यापूर्वींचा तास मऊ, तिरप्या उजेडाचा. गोरज मुहूर्त असेल तर वधूनें साडेचारपर्यंत सजावें. पांच ते सहा वधूचीं तिच्या आप्तांसह आणि वराचीं त्याच्या आप्तांसह वेगवेगळीं छायाचित्रें घ्यावीं, म्हणजे अंतरपाटाची मर्यादाही राहते. पुढचा वेळ गौरीहराचा. मुहूर्तापासून सप्तपदीपर्यंत छायाचित्रकारानें एका बाजूस उभें राहून जें घडेल तें टिपावें. कांहींही घडवूं नये. समूहचित्रांची यादी एखाद्या मामानें आदल्या दिवशींच करावी, वडील मंडळींचीं चित्रें प्रथम उरकावीं आणि त्यांना पानांवर बसवावें.

जेथें सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असें १९५५ चा हिंदु विवाह कायदा सांगतो. चित्र नीट आलें नाहीं म्हणून तें पाऊल पुन्हा टाकण्याची सोय कायद्यानें ठेविलेली नाहीं. वाटी मोत्यानें अडली तेव्हां लीलावतीचें लग्न थांबावें, आणि उजेड कमी पडला म्हणून आजच्या वधूनें माळ दुसऱ्यांदा घालावी, या दोन्हींत चूक एकच: साधन मोजणारें राहिलें नाहीं, तें यजमान झालें. साधनाला पाटावर बसवावें, त्याचा मान करावा. बोहला मात्र ज्यांचें लग्न आहे त्यांच्यासाठींच मोकळा ठेवावा.