नारळपाण्यात वाढलेलं कुळ

'टिश्यूची रोपं' हा शब्द केळीमुळे आपल्या शिवारात रुळला. पण बाटलीत रोपं वाढवण्याच्या या तंत्राचं कुळ शोधत मागे गेलं, की केळीच्या कितीतरी आधी धोत्रा भेटतो.

गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये झाडाच्या सुट्या पेशी जगवण्याचे प्रयोग मांडले. पेशी जगल्या, फुगल्या. एकीच्या दोन मात्र झाल्या नाहीत. त्यांना कशाची भूक होती, याचा धागा १९४१ साली अमेरिकेत लागला. व्हान ओव्हरबेक आणि सहकारी धोत्र्याचे अगदी कोवळे गर्भ बीजाबाहेर वाढवू पाहत होते. साखर आणि क्षार पुरेनात. नारळाचं पाणी घातलं आणि गर्भ वाढीला लागले. नारळाने ते पाणी स्वतःच्या गर्भासाठीच तर साठवलेलं असतं!

असा गुण आणखी कशात आहे, हे विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर शोधत होते. हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएच्या एका जुन्या बाटलीत तो सापडला. ती संपल्यावर ताजा डीएनए आणला, तर काहीच घडेना. तोच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, तापवला तेव्हा गुण परतला, आणि १९५५ मध्ये कायनेटिन हाती आलं. नारळपाण्यातल्या संजीवकांच्याच भावकीतलं. दोन वर्षांनी दोघांनी तंबाखूवर दाखवलं, की ऑक्झिन या दुसऱ्या संजीवकापेक्षा कायनेटिनचं प्रमाण चढं ठेवलं तर कोंब फुटतात, उलट केलं तर मुळं. माझ्या लेखी या तंत्राचा खरा जन्म हाच. पुढे १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यमातल्या क्षारांची मापं बसवली. ते 'एमएस' माध्यम आजही प्रयोगशाळांत रोज बनतं.

धोत्रा १९६४ मध्ये पुन्हा आला. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना त्याच्या परागकोशातून, म्हणजे निव्वळ परागकणांतून, गर्भ मिळाले.

याच तंत्रासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हळद निवडली, हे मला फार मोलाचं वाटतं. हळद बियांनी वाढवता येत नाही. हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बेणं बाजूला काढावं लागतं, आणि त्याच बेण्यातून कंदकूज पुढच्या हंगामात शिरते. नाडगौडा, मस्कारेन्हस आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हळदीच्या कोवळ्या कोंबांपासून भराभर रोपं करण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा रोपांना बाटलीतून थेट शेतात नेता येत नाही. दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, म्हणून आधी काही आठवडे सावलीत, ओलाव्यात ठेवून त्यांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.