सातबाऱ्यावरचं जंगल आणि प्लॉटमधलं झाड

आमच्या कोकणात डोंगर पूर्वी एकरावर विकले जायचे, आता गुंठ्यावर विकले जातात. "निसर्गाच्या कुशीत हक्काचं घर" अशी जाहिरात येते आणि त्या कुशीत सगळ्यात आधी जेसीबी शिरतो. मग कुणीतरी तक्रार करतं. प्रकरण तहसीलदार, प्रांत आणि नशिबात असेल तर हायकोर्टापर्यंत जातं. तालुक्याच्या गावात बातमीदारी करताना अशी बरीच भांडणं मी पाहिली. त्यात सर्व्हे नंबर असतो, गट नंबर असतो, फेरफार असतो. झाडाचं नाव मात्र क्वचितच सापडतं. हे असं का झालं, याला इतिहास आहे.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम ३५ आहे. खासगी मालकीच्या जंगलातही तोड, नांगरट, चराई यांवर सरकार बंधनं घालू शकतं, पण त्याआधी मालकाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं ते सांगतं. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्यात अशा नोटिसा निघाल्या. अनेक प्रकरणांत पुढे काहीच झालं नाही. सुनावणी नाही, अंतिम अधिसूचना नाही. कागद दप्तरात पडून राहिला.

मग ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा लागू झाला आणि खासगी वनं एका झटक्यात सरकारजमा झाली. ज्या जमिनीबाबत कलम ३५(३) ची नोटीस निघाली आहे, तीही या कायद्याच्या व्याख्येनुसार खासगी वन. म्हणजे दप्तरातला जुना कागद अचानक जिवंत झाला. तरी पुढची तीसेक वर्षं गाडी तशीच चालली. विक्रोळी, मुलुंड भागात अशा जमिनींवर सरकारी परवानग्या घेऊनच इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले.

२००५ नंतर महसूल दप्तरात या नोंदी अद्ययावत करायचं काम सुरू झालं आणि सातबाऱ्यावर 'खासगी वन' असा शेरा पडू लागला. राहतं घर जंगलात आहे, हे माणसाला सातबारा पाहून कळलं! प्रकरण कोर्टात गेलं. २४ मार्च २००८ ला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने 'गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात तो निकाल फिरवला. न्या. लोढा, न्या. लोकूर आणि न्या. कुरियन जोसेफ यांच्या पीठाने सांगितलं, की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला मिळाली पाहिजे. आणि १९५६-५७ मधली, कुणी पाठपुरावा न केलेली नोटीस १९७५ मध्ये उकरून जमीन घेता येणार नाही.

हा निकाल मला न्याय्य वाटतो. सरकारच्या झोपेची शिक्षा फ्लॅटवाल्याने का भोगावी? पण लढाई कशावर झाली ते बघा. नोटीस निघाली का, पोचली का, शिळी झाली का, यावर. त्या जमिनीवर काय उगवलं होतं, हा प्रश्न कडेलाच राहिला.

आता झाडांच्या कायद्यांकडे या. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं आहेत. बहुतेक लाकडाच्या किंवा उत्पन्नाच्या हिशेबाने मोलाची. सीताअशोक त्यात नाही. निसर्गसंवर्धनासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेने त्याला धोक्यातल्या झाडांत धरलंय. औषधासाठी बेसुमार तोडला गेलेला नरक्याही त्यात नाही. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं. चांगलंच आहे. पण ते वयावरून. वीस वर्षांचं दुर्मीळ देशी झाड त्यात बसत नाही.

शेजारच्या गोव्यात निदान जमिनीवर काय उभं आहे ते बघतात. तिथे खासगी वन ठरवायला तीन निकष आहेत: ७५ टक्के झाडं जंगली जातींची, किमान पाच हेक्टर क्षेत्र किंवा सरकारी वनाला लागून जमीन, आणि झाडोऱ्याची घनता किमान ०.४. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष कायम ठेवले. पण यातलीही मेख लक्षात घ्या. सलग डोंगर निकषात बसतो. त्याच डोंगरावर रस्ते आखले, मधली झाडं विरळ केली, चार-चार गुंठ्यांचे तुकडे पाडले, की त्यातला कुठलाही तुकडा जंगल राहत नाही. जंगल मोजायचं सलग, आणि तोडायचं तुकड्या-तुकड्याने.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्लॉटिंगमध्ये झाडाचा निकाल कुऱ्हाड लागते त्या दिवशी लागत नाही. तो लागतो रेखांकन मंजूर होतं त्या दिवशी. नकाशावर रस्ता असतो, गटार असतं, सार्वजनिक मोकळी जागा असते. तिथेच उभ्या झाडांची जातवार यादी का नसावी? दुर्मीळ झाड मोकळ्या जागेत येईल असा प्लॉट फिरवायला कितीसा खर्च येतो? घरही होईल, झाडही राहील. कोर्टात जायची वेळच येणार नाही.

शहरी कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची तरतूद आहे. तो नगरपरिषदांनाही लागू आहे. तुमच्या नगरपरिषदेची शेवटची गणना कधी झाली, ते माहिती अधिकारात विचारा. जातवार यादी मागा. झाडतोडीची जाहीर नोटीस दिसली तर मुदतीत हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. हरकतीत झाडाचं नाव लिहा. 'एक जंगली झाड' असं लिहू नका. नाव माहीत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना माहीत असतं.

तुमच्या भागात असं प्लॉटिंग चालू असेल, तर तिथे कोणती झाडं उभी आहेत ते कमेंटमध्ये नावानिशी लिहा. कागदावर येईल तेव्हा येईल, इथे तरी नोंद राहू दे.