दोरीचं टोक

घड्याळ काढा, फोन घरीच ठेवा आणि पायात जाड वहाणा चढवा. साल १९४४. पौषातली रात्र. कृष्णाकाठी, वाळव्याच्या बाजूचं एक गाव. आज तुम्ही याला सांगली जिल्हा म्हणता; इथं विचारलंत तर ‘सातारा’ असंच उत्तर येईल.

उसाच्या फडातून चाललायत तुम्ही. पात्यांनी गाल चरचरतायत, दव मानेवरून पाठीत उतरतंय. लांब गुऱ्हाळ पेटलंय. उकळत्या रसाचा गोड, जड वास थेट पोटात जातो. एवढ्यात फडातच कुणीतरी खोकतं. तुम्ही जागीच थिजता.

“कोण हाय?”

“पा... पाहुणा.”

“मग भाकरी खाल्लीसा का न्हाय?”

नाव-गाव नंतर, भाकरी आधी. इथला हा परवानाच समजा.

गावात शिरलात की चावडी अंधारी दिसेल. फौजदार येतो तो दिवसाउजेडी, बंदुका घेऊन, आणि ऊन कलायच्या आत परततो. म्हणजे सरकार आहे, फक्त रात्री नाही! सुट्टी लागल्यासारखं वाटतंय ना तुम्हाला? शेजारच्या घोंगड्यातल्या म्हाताऱ्याला विचारा. तो आधी दाराकडं बघतो, मग बोलतो. सरकारचा धाक सुटला तसे पहिले आले ते दरोडेखोर. तेही स्वातंत्र्य चळवळीचं नाव सांगत. नाना पाटलांच्या प्रतिसरकारला, म्हणजे लोकांनीच उभारलेल्या समांतर सरकारला, इंग्रजांइतकंच यांच्याशीही लढावं लागलं. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना रात्री गस्तीला निघाली, तेव्हा कुठं बायाबापड्या निवांत झोपल्या.

पण दरोडेखोर हटले म्हणून बांधाची भांडणं मिटत नाहीत. चला, अंगणात बसा. महायुद्धामुळे रॉकेल मिळत नाही, म्हणून कंदिलाची वात पार खाली ओढलीय. ओल्या घोंगड्यांचा, तंबाखूचा आणि माणसांचा वास कोंदलाय. कुणाचा तरी गुडघा तुमच्या बरगडीत रुतलाय. समोर प्रतिसरकारचं न्यायदान मंडळ. अंगात काळा डगला नाही. दिवसभर मोट हाकून आलेले हात मांडीवर ठेवून पाच जण बसलेत. दोन सख्खे भाऊ एका बांधावरून दातओठ खातायत. तालुक्याच्या कोर्टात गेले तर बांध वकिलाच्या घशात जाईल, हे दोघांनाही ठाऊक आहे. पंच पैसा घेत नाहीत, आणि ते ज्याच्या घरी जेवले असतील त्याचा निवाडा त्या रात्री करत नाहीत. आता ध्यानात येतंय? ज्याच्याकडं पोलीस नाही, तुरुंग नाही, त्याचा शब्द लोकांनी का ऐकावा? त्याला यातून काही मिळत नाही, एवढ्याचसाठी.

सगळंच असं मवाळ नाही, हेही सांगून ठेवतो. गुंड, सावकाराचे हस्तक, पोलिसांचे खबरे यांच्या तळपायांवर काठ्या बसतात. ‘प्रति’ सरकारचं ‘पत्री’ सरकार लोकांनी उगाच नाही केलं. तो आवाज कानावर आला तर मान वळवाल तुम्ही, वळवावीच. पण उद्या सकाळी याच अंगणात गांधी लग्न आहे: हुंडा नाही, वाजंत्री नाही, सुताचे दोन हार, की झालं. कर्ज न काढता लेक उजवली म्हणून बापाच्या चेहऱ्यावर काय उजेड पडतो, तो बघायला थांबा.

“पावणं, उठा.”

तुम्हालाच म्हणतायत! बांध आत्ताच मोजायचाय. दोरीचं एक टोक पंचाच्या हातात. दुसरं धरायला गावातला कुणीही चालत नाही. कुणी याचा मेव्हणा, कुणी त्याचा भागीदार.

“तुमचं हितं काय बी न्हाय. तुमीच धरा.”

आणि तुम्ही धरता. ढेकळांत पाय मुरगळतो, काथ्या तळहाताला बोचतो, दोन्ही भावांचे डोळे तुमच्या मुठीवर खिळलेले. वीतभर ढील दिलीत तर थोरल्याचं फावेल, वीतभर ओढलीत तर धाकट्याचं. आयुष्यात इतकं ताठ तुम्ही कधी उभे राहिला नसाल. दगड रोवला जातो. धाकटा काही बोलत नाही, नुसता त्या दगडापाशी पायानं माती सारतो. म्हणजे मान्य.

अंगणात चूल धगधगतेय. बाई थापतेय, भाजतेय. टोपल्यातल्या निम्म्या भाकऱ्या पाटीत शेणकुटांखाली दडवून फडाकडं जायच्यात, तिथं खोकणाऱ्यांसाठी. पोलिसांना ती पाटी सापडली तर काय होईल ते तिला चांगलं माहीत आहे. ती तुमच्या हातावर गरम भाकरी ठेवते, वर खर्डा. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी येतं. सवयीनं तुमचा हात खिशाकडं जातो.

ती उलथनं रोखून विचारते, “दोरी धरली न्हवं तुमी? त्येचं किती घेतलंसा?”