कोतवाल बुकातील कोरी जागा

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या तहसील कचेरीत जुन्या अभिलेखांच्या खिडकीशी सकाळपासून जी माणसे अर्ज घेऊन तिष्ठत असतात, त्यांतील पुष्कळांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : कोतवाल बुक. पणजोबांच्या काळी गावात जन्मलेल्या मुलाची आणि मृत झालेल्या माणसाची नोंद ज्या वहीत होई, त्या वहीचे हे रूढ नाव; आणि जातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी त्याच जीर्ण, काही ठिकाणी मोडी लिपीतल्या पानांची नक्कल आज पणतवाला काढावी लागते. त्या पानावर तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, मुलगा की मुलगी हेही असते. मात्र ज्याच्या जन्मामुळे ती ओळ लिहिली गेली, त्या बाळाचे नाव तेथे बहुधा आढळत नाही. बारसे व्हायचे बाराव्या दिवशी, आणि गावच्या कोतवालाची वर्दी पोचायची त्याआधी, म्हणून ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढ्यावरच ती नोंद संपे.

ही कोरी जागा केवळ बारशाच्या विलंबाने राहिली असे मात्र मला वाटत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने कंटिन्जन्ट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, म्हणजे हाच अमरावती-अकोल्याचा मुलूख, कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६७ साली या मुलखाची पहिली खानेसुमारी झाली. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. या साऱ्या अंमलात जन्ममृत्यूची गणना सरकारास हवी होती ती पटकी, देवी आणि दुष्काळ यांचा अदमास घेण्यासाठी, आणि १८९१ ते १९०१ या एका दशकात तर, छप्पन्नच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळासह, वऱ्हाडची वस्ती सुमारे एकोणतीस लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर उतरली होती. आकडा जुळला की दप्तराचे काम भागे, आणि आकड्याला नावाची गरज नसते. ज्या वहीतून पुढे माणसाचे हक्क सिद्ध व्हायचे होते, ती वही हक्कासाठी सुरूच झाली नव्हती.

त्याच काळी सरकारपाशी दुसरीही एक वही होती, आणि तीत नावे काटेकोरपणे लिहिली जात. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ पासून देशभर लागू करता येऊ लागला, तेव्हा पारध्यांसारख्या जमातींच्या, त्या वहीत नाव चढलेल्या माणसांना ठाण्यावर हजेरी देणे भाग पडले. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. पण रानातल्या बेड्यावर (वस्तीवर), सुईणीच्या हाती जन्मलेल्या पारध्याच्या मुलाची नोंद करावयास पुढेही क्वचितच कोणी गेले. संशयासाठी ज्यांची गणना चोख झाली, त्यांच्याच लेकरांची गणना हक्कासाठी राहून गेली, याहून मोठा अन्याय दप्तराच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर, पावसाळ्यात वाटा तुटलेल्या असताना घरीच जन्मणाऱ्या कोरकू बालकांचीही कथा याहून फार निराळी नव्हती.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला आणि नोंद सर्वत्र अनिवार्य झाली. एकवीस दिवसांत खबर द्यावी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा. नाव न घालता नोंद झाली असल्यास ते पंधरा वर्षांपर्यंत घालता यावे, अशी त्याची व त्याखालील नियमांची व्यवस्था. कोतवाल बुकातल्यासारखी कोरी जागा भरण्याची मुभा कायद्याने दिली. १९८९ च्या बालहक्क संहितेने जन्मताच नोंद आणि नाव हा मुलाचा हक्क मानला, भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली; आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंतचा आधार ठरविला. दाखल्याचे मोल जितके वाढले, तितकेच दाखला नसणाऱ्याचे दारिद्र्यही वाढले.

या भूमीत ती उणीव माणसांनी आपल्या परीने भरून काढली, हे सांगितल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना आसरा दिला, आणि ज्यांच्या कागदावर बापाच्या नावाची जागा रिकामी होती त्यांना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे, स्वतः फासेपारधी असलेल्या मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून, भीक मागणाऱ्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा काढली. ज्याच्या बापाचा पत्ता नाही आणि ज्याच्या जन्माचा कागद नाही, त्याच्याकडे पाहून प्रथम ‘तू आमचा’ असे म्हणणारी ही माणसे आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये घुसखोरांना दाखले दिल्याच्या आरोपांवरून शासनाने विलंबित नोंदीचे काम थांबविले आणि पुढे मार्चमध्ये कार्यपद्धती अधिक कडक केली. त्या वादात अकोला व अमरावती ही नावे वारंवार आली. खोट्या कागदाची चौकशी व्हावीच. परंतु जिची नोंद घेणे हे सरकारचे कर्तव्य होते त्या मुलीला, ती नोंद राहून गेली म्हणून, आपल्याच जन्मभूमीत संशयित ठरविण्याचा अधिकार कोणासही नसावा. गावकामगार कोतवाल, जो पुष्कळ गावी महार समाजातला असे आणि ज्याला स्वतःला गावच्या पाणवठ्यावर जागा नसे, तो परक्या सरकारासाठीही घरोघरची जन्मवार्ता गोळा करून कचेरीपर्यंत पायी नेत असे. आज सरकार आपले आहे. तेव्हा ती वही पुन्हा बेड्यावर आणि पाड्यावर चालत जावी, आणि या खेपेस तिच्यात बाळाचे नाव आधी लिहिले जावे.