निसरडा रस्ता : इशारा-चिन्ह

पाणी, चिखल वा सांडलेले तेल यांमुळे रस्त्यावरील चाकांची पकड कमी झाली आहे, हे वाहनचालकास आगाऊ कळविणारे चिन्ह. लाल कडेचा, टोक वर असलेला समभुज त्रिकोण आणि त्यात काळी मोटार व तिच्यामागे उमटलेले नागमोडी पट्टे, असे त्याचे भारतातील रूप आहे. हे पट्टे वळणाचा रस्ता दाखवितात, असा समज होण्याचा संभव असतो. तथापि ते घसरलेल्या चाकांचे माग होत. वळणांसाठी निराळी चिन्हे आहेत.

पॅरिस येथील १९०९ च्या आंतरराष्ट्रीय करारात उंचवटा, वळण, चौरस्ता व रेल्वे-फाटक एवढीच चार चिन्हे ठरविण्यात आली. निसरडेपणाचा त्यांत समावेश नव्हता. तत्कालीन मोटारींचा वेग पाहता ते स्वाभाविकच होते. व्हिएन्ना येथे १९६८ मध्ये झालेल्या करारात मात्र धोकासूचक चिन्हांमध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. भारतात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समितीच्या (१९२७–२८) शिफारशींनंतर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. तिने १९७७ मध्ये मार्गचिन्हांची संहिता प्रसिद्ध केली व पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा केल्या. मोटार वाहन अधिनियमाच्या (१९८८) अनुसूचीतही आज्ञार्थक, इशारादर्शक व माहितीदर्शक असे चिन्हांचे तीन वर्ग असून हे चिन्ह दुसऱ्या वर्गात येते.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत या चिन्हाला विशेष अर्थ आहे. दक्षिणेतील बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी माती पाणी शोषून फुगते, चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते. वाफसा आल्याशिवाय तिच्यात औत घालता येत नाही, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसात बैलगाडीची चाके रुतण्याचा अनुभवही जुनाच. डांबरी रस्ता झाल्यावर रुतणे कमी झाले, पण शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर तीच माती डांबरावर येऊ लागली. ऊसपट्ट्यात हे विशेष घडते. पक्क्या रस्त्यावरील मातीचा हा पातळ थर कच्च्या रस्त्यावरील खोल चिखलाहून अधिक फसवा असतो, कारण कच्च्या रस्त्यावर वेग मुळातच कमी असतो.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठी, उर्दू, तेलुगू व कन्नड या भाषा येथे एकमेकींना भिडतात. देगलूर, बिलोली वा उदगीर या भागांत परप्रांतीय मालमोटारीही येतात. अशा ठिकाणी अक्षरांहून आकृतीचे महत्त्व अधिक. अर्थात आकृती आपोआप समजते, असे मानणे मात्र चूक ठरेल. ती शिकावीच लागते.

धोक्याचे गणित साधे आहे. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षण-गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन घर्षण-गुणांक ०.७ असताना ब्रेक लावल्यापासून सु. २० मी. अंतरात थांबते, गुणांक ०.३५ झाल्यास त्याला सु. ४० मी. लागतात. चालकाच्या प्रतिक्रियेच्या काळात कापलेले अंतर यात धरलेले नाही. दीर्घ कोरड्या काळानंतरच्या पहिल्या सरीत धूळ, तेल व रबराचे कण पाण्यात मिसळतात. त्यामुळे सुरुवातीची थोडी मिनिटे विशेष घातक असतात. पाणी साचले असता वेगवान चाक पाण्याच्या थरावर तरंगते व सुकाणूचा उपयोग होत नाही.

फलक बारमाही उभा असतो, धोका मात्र ऋतूनुसार येतो. आठ महिने कोरड्या रस्त्यावर तोच फलक पाहणारा चालक जूनमध्ये त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. हा या चिन्हाचा अंगभूत दोष आहे. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेडमार्गे पुढे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ सारख्या रुंद रस्त्यांवर वेग वाढल्याने त्याची तीव्रताही वाढते. चिन्ह दिसताच वेग हळूहळू कमी करणे, एकाएकी ब्रेक वा सुकाणू न वापरणे व पुढील वाहनापासून अधिक अंतर ठेवणे अपेक्षित असते. काळ्या मातीच्या बाजूपट्टीवर, विशेषतः पावसात, चाक उतरू न देणे हेही तितकेच आवश्यक होय.